राणी झालेला लाल

हर्षिदाभाभीला मत्सर लपवता यायचा नाही. काही बायकांना तो लपवता येतो. त्या तोंडावर गोड बोलतात, ताटात आग्रहानं पुरी वाढतात आणि पाठ वळली की नाक मुरडतात. भाभीचं तसं नव्हतं. तिच्या पोटात जळायला लागलं की तिच्या माउसचा आवाज बदलायचा. एरवी टिक टिक असं हलकं चालणारं बोट एकदम ठक ठक करायला लागायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कपड्याचे तुकडे कातरत बसलेल्या मला मान वर न करताही कळायचं, की कुणीतरी तिच्या धाकट्या जावेचं, ऋत्वीचं कौतुक केलं.

सुरतेत बेगमपुऱ्यातल्या जरीवालांकडे मी कामाला लागले तेव्हा ऋत्वी त्या घरात यायची होती. खाली घर, वर साड्यांच्या डिझाइनचं ऑफिस. सासऱ्यांच्या वेळी वरती जरीची यंत्रं होती. ती विकून थोरल्या प्रफुलभाईनं दोन कॉम्प्युटर आणले आणि एक पगारी कारागीर ठेवला. तो वर्षभरात गिऱ्हाइकं घेऊन पळाला. तेव्हा प्रफुलभाई आपल्या नव्या नवरीला, हर्षिदाभाभीला, म्हणाला, "तू मेंदी बरी काढतेस. बस खुर्चीवर."

ती जी बसली ती बसलीच. कुणी शिकवलं नाही. चुकत, शिव्या खात, फाइली उडवत शिकली. तिची दोन्ही मुलं त्या टेबलाखाली रांगली. तिच्या कोयऱ्या जाड, पोटफुग्या, पण बाजारात चालायच्या. आम्ही भाजीला निघालो की ती मला चिमटा काढायची. "मंदाबेन, बघ, बघ. माझा पदर चाललाय." पुढे कुणीतरी बाई मुळ्याची जुडी हातात घेऊन चाललेली असायची, आणि तिच्या पाठीवर भाभीचे मोर.

रंगांचं मात्र सगळ्या सुरतेचं होतं तेच आमचंही होतं. स्क्रीनवर एक दिसायचा, मिलमधून दुसराच छापून यायचा. मग दोन-तीनदा नमुना काढायचा, व्यापाऱ्यानं डोकं आपटायचं, भाभीनं मिलवाल्याच्या नावानं बोटं मोडायची आणि शेवटी जे येईल त्याला सगळ्यांनी छान म्हणायचं. हे असंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो.

मग धाकट्या चिंतननं बडोद्याला डिझाइन शिकलेली ऋत्वी करून आणली. बारीक चणीची, हळू बोलणारी. माहेराहून तिनं दागिन्यांबरोबर स्वतःचा मोठा स्क्रीन आणला आणि एक काळी डबी. ही डबी ती स्क्रीनच्या कपाळावरून खाली लोंबकळत सोडायची. मग स्क्रीन लाल, हिरवा, करडा, पांढरा असे एकामागून एक रंग दाखवायचा आणि डबी ते मोजायची. कुठला रंग जास्त सांडतोय, कुठला कमी पडतोय ते बघून ती कॉम्प्युटरला एक शिस्त लावून द्यायची. ती शिस्त मशीन चालू झालं की आपोआप लागायची. त्यानंतर स्क्रीनवर जो रंग, तोच कापडावर. पहिला नमुना आला तेव्हा मी तुकडा स्क्रीनला लावून बघितला आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

व्यापारी काय, गुळाला मुंगळे. संध्याकाळी बाजार बंद झाला की एकेक जण जिना चढून यायचा. आमच्याकडे गिऱ्हाइकाला बसायला एक फिरती खुर्ची होती, ती कायम भाभीच्या डाव्या हाताला असायची. त्या दिवाळीपर्यंत ती खुर्ची घरंगळत घरंगळत ऋत्वीच्या उजव्या हाताला गेली. कुणी मुद्दाम हलवली नाही. पण सकाळी केर काढताना मी ती परत जागेवर ठेवायची आणि भाभी ते रोज बघायची.

ऋत्वीनं एकदा विचारलं होतं, "भाभी, तुमच्या स्क्रीनला पण लावून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे."

"माझ्या स्क्रीनला ताप आलेला नाही," भाभी म्हणाली. ठक, ठक, ठक.

त्यात बा. बा म्हणजे सासू. वर येऊन सोफ्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "धाकटी शिकलेली आहे हो आमची." आणि मग आठवण झाल्यासारखं, "मोठी पण करते." त्या 'पण'साठी भाभीनं बाला कधी माफ केलं नाही. मला म्हणायची, "मंदाबेन, मी या घराला खायला घातलं तेव्हा ही पोरगी बडोद्यात रंगीत पेन्सिली तासत होती. आता मी 'पण' झाले."

पण खरं सांगायचं तर भाभीच्या मनाला जे लागायचं ते काम नव्हतं. निदान नुसतं काम नव्हतं. ऋत्वीला डोकेदुखी होती. दुखायला लागलं की चिंतन खालून धावत वर. बाम आण, पाठीमागे उशी लाव, नवीन दिवा आण, खुर्ची बदल. दिवाळीनंतर तर तो रोज तिच्या मशीनपाशी काहीतरी करत उभा. भाभी बघायची. तिचे स्वतःचे डोळे रोज संध्याकाळी गळायचे; पदरानं पुसायची आणि पुढे काम करायची. प्रफुलभाई वाईट माणूस नव्हता. हात उगारला नाही, दारू नाही, पान नाही. पण नळ गळतो हेसुद्धा त्याला घरात तळं झाल्यावर कळायचं.

"तिचं डोकं दुखलं तर सगळं घर हलतं," भाभी म्हणायची. "माझं तुटून पडलं तर बा म्हणतील, मोठी, आधी चहा टाक."

त्या थंडीत ऋत्वीचे रंग बिघडायला लागले.

पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, नुकताच बाजारात आला होता. लग्नाचा हंगाम, व्यापाऱ्यांना जेवायला वेळ नाही. एका साडीला मेंदी रंग ठरला होता, तो छापून आला रामा, निळसर हिरवा. मग कांद्याच्या सालीसारखा गुलाबी हवा होता, तो आला जांभळट. ऋत्वीला वाटलं मिलवाल्यानं शाई बदलली. मिलवाला पांडेसऱ्याहून स्वतः आला, फाइल दाखवली, म्हणाला, "ताई, तुम्ही दिलं ते छापलं. तुमच्या फाइलमध्येच निळं जास्त आहे." गंमत अशी की सगळे रंग बिघडायचे नाहीत. काही अगदी नेमके यायचे. त्यामुळे तर कुणालाच काही उमगेना.

डबी विकणारा माणूस बोलावला. तो सकाळी आला, स्क्रीन मोजला, म्हणाला, सगळं जागच्या जागी आहे. आठवड्यानं परत बोलावला. परत सकाळी आला, परत तेच. जाताना हसत म्हणाला, "मशीन ठीक आहे म्हणजे कुणीतरी छेडत असेल. घरात लहान मुलं आहेत का?"

लहान मुलं नव्हती. भाभीची दोन्ही कॉलेजात. बानं शेंगा सोलता सोलता मान वर केली आणि मोठ्या सुनेकडे बघितलं.

त्या दिवशी दुपारी भाभीनं मला तिच्या ताटाशेजारी बसवून रतालूची, म्हणजे कोनफळाची, पुरी खायला लावली. स्वतः चार खाल्ल्या. "पाप लागेल मला," ती म्हणाली, "पण आज जेवण गोड लागलं बघ."

"तुम्ही काही केलं नाही ना?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

ती चिडली नाही. पुरी मोडता मोडता म्हणाली, "हात नाही लावला. पण रोज मनात म्हणते, बिघडू दे. आता बिघडलंय तर माझीच मला भीती वाटते."

दुसऱ्याच दिवशी ते पासवर्डचं झालं. एकमेकींच्या मशीनवरची फुलं-पानं उचलायची दोघींची रीत होती. भाभी ऋत्वीच्या खुर्चीवर बसली तर स्क्रीन पासवर्ड मागायला लागला.

"हे काय गं?"

ऋत्वी कानापर्यंत लाल झाली. "ते... सगळ्यांसाठीच आहे भाभी. व्हायरस वगैरे येतात ना."

"व्हायरस," भाभी म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. मी आपली मला हर्षिदाच समजत होते."

आणि ती उठली. त्या संध्याकाळी माउस वाजलाच नाही. ते ठक ठकपेक्षा वाईट होतं.

पुढचं मला भाभीनं नंतर सांगितलं, कारण त्या दिवशी मी लवकर घरी गेले होते. ऋत्वी चुलत बहिणीच्या ओटीभरणाला नवसारीला गेली होती. दिवेलागणीला मिलवाल्याचा फोन, एक फाइल तातडीनं हवी. ऋत्वीनं नवसारीहून फोन केला आणि अडखळत पासवर्ड सांगितला. तिच्या आणि चिंतनच्या साखरपुड्याची तारीख होती ती. भाभीनं एकेक आकडा दात आवळून दाबला, फाइल पाठवली आणि मशीन बंद करणार, तेवढ्यात कोपऱ्यातून एक छोटी चौकट वर आली.

'ऋतु, मान वर कर. डोळे मीट जरा. काम कुठे पळून जात नाही. मीही नाही. — चि.'

चौकट थोडा वेळ थांबली आणि विरून गेली. भाभी म्हणाली, "मंदाबेन, मी चोरून कुणाच्या खोलीत शिरल्यासारखी झाले. उठायला हवं होतं. उठले नाही." ती चौकट कुठून आली ते तिनं शोधलं. कोपऱ्यात एक छोटं डोळ्याचं चित्र होतं, त्यावर दाबलं तर सॉफ्टवेअर उघडलं. डोळ्यांना आराम देणारं. तासातासानं नवऱ्यानं लिहून ठेवलेला निरोप दाखवणारं. आणि खाली आणखी एक ओळ: सूर्य मावळल्यावर स्क्रीनचा निळा उजेड कमी करतो.

भाभीनं ते बंद केलं. पिवळसर झालेला स्क्रीन एकदम लख्ख पांढरा झाला, नीळ घातलेल्या धोतरासारखा. तिनं चालू केलं. परत हळूहळू हळद चढली. बंद. चालू. बंद. चालू. डबीनं लावलेली शिस्त हे सॉफ्टवेअर रोज दिवेलागणीला पुसून टाकत होतं आणि वर आपला पिवळा हात फिरवत होतं. तेही इतक्या सावकाश, की समोर बसलेल्याला कळू नये. ऋत्वीला वाटायचं रंग पिवळा पडतोय, म्हणून ती निळं ओढायची. स्क्रीनवर बरोबर दिसायचं, कापडावर निळं सांडायचं. सकाळी केलेलं काम नीट, संध्याकाळी केलेलं नासलेलं. आणि डबीवाला यायचा सकाळी.

कुणीही छेडलं नव्हतं. बायकोचं डोकं दुखू नये म्हणून नवऱ्यानं केलेलं होतं. ऋत्वीला निरोप माहीत होते, ते तिचं आणि त्याचं गुपित होतं. पण तेच सॉफ्टवेअर तिच्या रंगात हात घालतंय हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

भाभीनं सगळं होतं तसं चालू ठेवलं आणि खाली स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं प्रफुलभाईला विचारलं, "माझ्या चष्म्याचा नंबर किती आहे, सांगा बघू."

प्रफुलभाईनं घास थांबवला. "डाव्या डोळ्याचा की उजव्या?"

"कुठलाही सांगा."

"डॉक्टरकडे लिहिलेला असेल की," तो म्हणाला, आणि कढी मागितली. तिनं वाढली. मी वाटीकडे बघत होते. तिनं ती काठोकाठ भरली आणि थेंब सांडू दिला नाही. मला तेव्हा काही कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा बघून मी माझी भाकरी घेऊन वर गेले.

त्याच आठवड्यात पारसमलजी आले. मोठे व्यापारी, आमचे जुने. छापील पानेतरांचा मोठा माल काढायचा होता. नवरीला मामाकडून येते ती पांढरी साडी, लाल काठ, लाल पदर. लग्नाचे मुहूर्त तोंडावर, म्हणून नमुना काढायला वेळ नव्हता. स्क्रीनवर पसंत करायचं आणि थेट छापायला टाकायचं. "तुझ्या स्क्रीनवर माझा डोळे मिटून विश्वास आहे, पोरी," असं म्हणून ते फिरत्या खुर्चीत बसले. दिवे लागले होते. बानं पोंकाची ताटली, वर शेव घालून, लिंबू पिळून पाठवली होती.

"पांढरा जरा मळकट वाटतोय," पारसमलजी म्हणाले.

ऋत्वीनं निळं ओढलं.

"हां. आता लाल. हा भगव्यावर जातोय. नवरीचा लाल कसा हवा, कुंकवासारखा."

ऋत्वीनं परत निळं ओढलं. "आता?"

"अजून थोडं. बस. बस! हाच."

भाभी आपल्या जागेवर बसली होती. मी तिला दोनदा तोंड उघडताना बघितलं. मला वाटलं, काहीतरी टोमणा येतोय. पहिल्यांदा तिनं तोंडात पोंक टाकला. दुसऱ्यांदा पाणी प्यायली. मग उठून खिडकी लावली, आणि पारसमलजी हात जोडून जिना उतरून गेले.

कापड आलं तेव्हाही संध्याकाळच होती. पारसमलजी कापडाचं ठाण बगलेत मारूनच जिना चढले. एरवी देवमाणूस, पण त्या दिवशी चप्पल न काढताच आत. टेबलावर कापड फडकन पसरलं.

"मंदाबेन, तुम्ही सांगा. तुम्हाला कुणाची भीड नाही. हा कुठला रंग?"

मी बघितलं. समोर गडद गुलाबी; खोटं कसं बोलणार? "राणी," मी म्हटलं.

"राणी!" ते ओरडले. "मामाकडचं पानेतर, आणि रंग राणी! मंडपात नवरी काय गरब्याला चाललीय? मुलीकडचे मला दुकानात येऊन चोपतील. आणि हा पांढरा? हा पांढरा आहे का, दवाखान्यातली चादर आहे?"

चिंतन आणि प्रफुलभाई आरडाओरडा ऐकून वर आले. ऋत्वीनं कापडाचं टोक हातात घेतलं. ती म्हणाली, "मी जे पसंत केलं ते हे नाही. माझ्या मशीनला कुणीतरी हात लावतंय. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव कशाला घ्यायला हवं होतं? सोफ्यावरून बाच बोलली. "मोठी, देवाची शपथ घे, तू काही केलं नाहीस म्हणून."

भाभी उठली. मला वाटलं रडेल. ती ऋत्वीच्या टेबलाशी गेली, तिला मशीनवर पानेतराची फाइल उघडायला लावली आणि चिंतनला हाक मारली.

"चिंतनभाई, इकडे या. तो कोपऱ्यातला डोळा दिसतो ना? बंद करा."

"भाभी, ते तर नुसतं..."

"बंद करा म्हणते."

त्यानं बंद केलं. स्क्रीनवरचं पानेतर आमच्या डोळ्यांदेखत बदललं. कुंकवाचा लाल सरकत सरकत राणी झाला, पांढरा निळसर झाला. भाभीनं ठाणाचं टोक उचलून स्क्रीनला लावलं. कापड आणि काच, फरक नाही.

"हा घ्या तुमचा चोर," ती म्हणाली. "बा, याला द्या शपथ. दिवेलागण झाली की हिचा स्क्रीन पिवळा करतो, का, तर बायकोचे डोळे दुखू नयेत. नवऱ्याची माया आहे ही. लालाचं राणी करते."

चिंतननं घाबरून परत चालू केलं आणि नेमका त्याच वेळी निरोप वर आला. 'ऋतु, पाणी प्यायलीस का?' सगळ्यांनी वाचला. पारसमलजींनी चष्मा वर करून वाचला. त्यांना राग आवरेना आणि हसूही आवरेना. "अरे, पाणी घागरभर पाज बायकोला," ते म्हणाले, "पण माझं कापड का बुडवलंस?" बानं चिंतनला गाढव म्हटलं. प्रफुलभाईनं नवीन कापड कसं लवकर छापून देता येईल ते बोलायला सुरुवात केली. हवा जरा मोकळी झाली. भाभी ताठ उभी होती. कितीतरी महिन्यांनी खुर्ची तिच्या बाजूला आल्यासारखी.

तेवढ्यात ऋत्वीनं हळूच विचारलं, "भाभी, तुम्हाला हे कधी कळलं?"

भाभी ठाणाची घडी घालायला लागली.

"मी नवसारीला होते तेव्हा?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ता, या क्षणी कळलं, म्हणायचं. कुणी काय विचारणार होतं? पण भाभीला लपवता यायचं नाही हे मी आधीच सांगितलंय.

"हो," ती म्हणाली.

"म्हणजे पारसमलजी इथे बसले होते तेव्हा..."

"हो म्हटलं ना. ते बसले होते, तू निळं ओढत होतीस, मी बघत होते."

"पण का? दोन शब्द तर बोलायचे होते."

"तुझ्याशी?" भाभीचा आवाज चिरकला. "तुझ्या मशीनला कुलूप, मी व्हायरस. आणि तुला काय कमी आहे? चांगला स्क्रीन आहे, बडोद्याचा कागद आहे, बांचं तोंड दुखेपर्यंत कौतुक आहे. एवढं असून वर 'मान वर कर' म्हणणारं कुणीतरी आहे. माझी मान या टेबलावर मोडली. कुणी म्हटलं नाही, मोठी, वर बघ."

प्रफुलभाई तिथेच उभा होता. त्यानं जमिनीकडे बघितलं. भाभी जिना उतरून गेली आणि खालून तुरीच्या दाण्यांचा कुकर चढवल्याचा आवाज आला.

पारसमलजींचा माल ऋत्वीनं दिवसाउजेडी बसून परत केला. भाभी म्हणाली, मी मदत करते. ऋत्वी म्हणाली, नको. लाल कुंकवासारखाच आला, पण काही मुहूर्त हुकले ते हुकलेच, आणि पारसमलजी नंतर कधी फिरत्या खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानं बोलून जायचे. ऋत्वीनं भाभीशी बोलणं सोडलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती मला सांगायची, "मंदाबेन, भाभींना सांगा, प्रिंटरची शाई संपली," आणि भाभी तीन हातांवर बसलेली. चिंतननं ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि निरोप फोनवर पाठवायला लागला. फोन टेबलावर थरथरला की भाभीचा माउस वाजायचा. ठक.

प्रफुलभाईबद्दल सांगायला हवं. तो काही एका रात्रीत बदलला नाही. पण एका रविवारी म्हणाला, चल, आणि तिला महिधरपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं चांगलंच झापलं; नंबर केव्हाचा वाढलेला, डोळे सुकलेले. येताना दोघांनी उभ्यानं लोचो, तेल घातलेला मऊ ढोकळाच तो, खाल्ला. मी विचारलं, कसं वाटलं, तर म्हणाली, "कसलं काय! सगळा वेळ फोनवर बोलत होते. तेल सांडलं शर्टावर, तेही मलाच पुसावं लागलं." पण नवा चष्मा तिनं त्याच दिवसापासून लावला. आणि ऋत्वी नसताना डबीवाल्याला बोलावून गुपचूप आपल्या स्क्रीनला डबी लावून घेतली. स्वतःच्या जुन्या कोयऱ्या खऱ्या रंगात एकेक करून बघितल्या. मग म्हणाली, "शी! किती भडक करत होते मी."

होळीनंतर चिंतन आणि ऋत्वी वेगळे निघाले. वेसूला जागा घेतली. खाली स्टुडिओ, वर घर. बानं रडून घेतलं आणि भाभीकडे असं काही बघितलं, की भाभी दोन दिवस जेवली नाही. कुणी स्पष्ट म्हटलं नाही की मोठीमुळे घर फुटलं. स्पष्ट म्हणायची गरजही नव्हती.

नव्या जागेच्या पूजेच्या आधी एकदा आम्ही दोघी तिथे गेलो. बानं पाठवलेला घारीच्या मिठाईचा डबा द्यायचा होता. रंगारी भिंतीला पीच रंग द्यायची तयारी करत होता. ऋत्वीनं डबा घेतला, "बसा," म्हणाली, मला.

भाभी भिंतीकडे बघत उभी राहिली. मग कुणाकडे न बघता म्हणाली, "पीच नको लावूस इथे. भिंतीचा रंग डोळ्यात भरतो, मग स्क्रीनवरचं काही खरं दिसत नाही. फिका राखाडी लाव. डबीवाला सांगत होता."

ऋत्वी तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी ती थेट बोलली. "आज का सांगितलंत? भिंत रंगवून झाल्यावर, पूजेला येऊन सांगायचं होतं."

"मनात आलं होतं," भाभी म्हणाली.

ऋत्वी हसली नाही. पण तिनं वळून रंगाऱ्याला थांबायला सांगितलं आणि आम्हा दोघींसाठी चहा टाकायला आत गेली. चहा चांगला झाला होता. भाभीनं साखर जास्त आहे म्हणून तोंड वेडंवाकडं केलं आणि कप रिकामा केला.

परत येताना आम्ही रिक्षा केली. रिंग रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा भाभी एकदम म्हणाली, "मंदाबेन, तिच्याकडे लिफ्ट आहे, बघितलंस?"

"बघितली."

"आरसा पण आहे आत," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला उगाचच ओरडली, "अरे, चल की! हिरवा झाला!"